एका फुटासाठी मोजणी

आमच्या रेणुकानगरात सुमनबाई सोनकांबळे यांना कुणी सुमनबाई म्हणत नाही. सगळे सिस्टर म्हणतात. चौतीस वर्षं त्यांनी नर्सची नोकरी केली. पहिली बारा नायगाव तालुक्यात, पुढची सगळी निलंग्याच्या आसपासच्या उपकेंद्रांवर. त्या काळात किती बाळंतपणं केली याचा आकडा त्यांना तोंडपाठ आहे आणि तुम्ही विचारला नाही तरी तो तुम्हाला कळतो. रस्त्यात कुणी नवं तरुण माणूस दिसलं की सिस्टर आधी गाव विचारतात, मग जन्मसाल विचारतात आणि दोन्ही जुळलं तर त्याच्या आईला किती तास कळा आल्या होत्या ते तिथंच सांगतात. त्यामुळं आमच्याकडची बरीच पोरं सिस्टर दिसल्या की गल्ली बदलतात.

मी त्यांच्या घरासमोर राहतो. शाळेतून निवृत्त होऊन मला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून माझा बराचसा दिवस ओट्यावरच्या खुर्चीत जातो आणि खुर्चीचं तोंड सिस्टरच्या दाराकडं आहे. म्हणून जे सांगतोय ते बहुतेक सगळं डोळ्यांनी बघितलेलं आहे.

सिस्टरना मापाचं वेड. उपकेंद्रावर असताना वजनकाटा दहा ग्रॅमनं चुकतो म्हणून त्यांनी वर पाच पत्रं लिहिली होती आणि शेवटी नवा काटा मिळवला होता. घरी चहाची साखरसुद्धा चमच्यावर बोट फिरवून सपाट करून टाकतात. त्यांचे मालक ग्यानोबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. हा माणूस बोलतो कमी आणि ऐकतो त्याहून कमी. त्यामुळं त्यांचा संसार फार सुरळीत चाललेला आहे.

सिस्टरच्या घराला लागून पूर्वेला कोपऱ्यावर धोंडप्पा राहतात. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. मंडप, खुर्च्या, सतरंज्या, लग्नाची भांडी भाड्यानं द्यायचा त्यांचा धंदा. परसात बांबूंचा ढीग आणि पालथ्या घातलेल्या कढया. अंगात नेहमी पांढरा सदरा, कपाळाला भस्म, आणि आवाज असा की मंडपात लाऊडस्पीकर बिघडला तरी अडू नये.

तर सिस्टर आणि आप्पा अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण बाथरूम.

झालं असं होतं की आप्पांनी दोन घरांच्या मधल्या बोळात नवं बाथरूम बांधलं. सिस्टर त्या दिवशी लसीकरणाला गेलेल्या. संध्याकाळी परत आल्या, बोळात उभ्या राहिल्या, डोळ्यांनी माप घेतलं आणि म्हणाल्या, "आप्पा, तुमची भिंत मपल्या हद्दीत एक फूट आली."

आप्पा म्हणाले, "सिस्टर, मी सकाळधरनं हितंच उभा हाय. भिंत कुठंबी आलेली न्हाई. जिथं बांधली तिथंच हाय."

हे आप्पा विनोदानं म्हणाले असावेत. पण मापाच्या बाबतीत सिस्टरना विनोद चालत नाही. त्या आत गेल्या, दार लावलं आणि बोलणं बंद झालं ते बंदच. पुढं आप्पांच्या घरी लग्न झालं, सिस्टरच्या घरी मुलाच्या नोकरीचे पेढे झाले, पण या दाराचं माणूस त्या दारात गेलं नाही. अपवाद ग्यानोबांचा. ते रोज सकाळी साडेसहाला फिरायला म्हणून निघायचे आणि बसस्टँडसमोरच्या हॉटेलात आप्पांबरोबर चहा प्यायचे. हे अख्ख्या कॉलनीला माहीत होतं. सिस्टरना तेवढं कुणी सांगितलं नव्हतं.

मागच्या वर्षी सिस्टरनी ठरवलं की आता या एका फुटाचा निकाल लावायचाच. त्यांचा मुलगा आदर्श लातूरला नोकरीला आहे. त्याच्याकडून त्यांनी मोजणीचा अर्ज ऑनलाइन भरून घेतला. मला म्हणाल्या, "गुरुजी, भांडून काय उपेग न्हाई. सरकारी माणूस येईल, मशीन लावंल, आन एक फूट कुणाचा ते कागदावर लिहून देईल. मंग तो कागद मी लॅमिनेशन करून बोळात लावणार हाय."

मोजणीची तारीख ठरली की शेजाऱ्यालाही नोटीस जाते. आप्पांना नोटीस आली तेव्हा ते ती हातात धरून माझ्या ओट्यावर आले. "बगा गुरुजी, सिस्टरनं मला सरकारी पत्रिका धाडली." वरवर हसत होते, पण नोटिशीची घडी त्यांनी चार वेळा घातली आणि चार वेळा मोडली.

मार्चचा महिना, सकाळी दहाची वेळ. भूमी अभिलेख कार्यालयातून वर्षाराणी मॅडम आल्या. वय तिशीच्या आत, तोंडाला स्कार्फ, डोक्यावर टोपी. हातात माणसाएवढी एक काठी, तिच्या टोकाला पांढरी वाटी पालथी घातल्यासारखं यंत्र. त्याला रोव्हर म्हणतात. ते आभाळातल्या उपग्रहाशी बोलतं आणि काठी जिथं टेकवली ती जागा नकाशावर नेमकी कुठं आहे ते सांगतं. मॅडमनी हे सगळं सिस्टरना नीट समजावून सांगितलं. सिस्टरनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही कोणत्या गावच्या?"

"माहूरची आहे, मावशी."

"मंग न्हाई," सिस्टर जरा हिरमुसून म्हणाल्या. "माहूर मपल्याकडं नव्हतं."

आप्पांनी तोवर गल्लीत चार बांबू रोवून वर कापड टाकलं होतं आणि सहा खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांचं म्हणणं असं की मोजणी माझ्याविरुद्ध असली म्हणून काय झालं, मंडपवाल्याच्या दारात सरकारी बाई उन्हात उभी राहिली तर धंद्याचं नाव जातं. सिस्टर मॅडमच्या कानाशी जाऊन पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "त्या सावलीत बसू नका मॅडम. उद्या कुणी म्हणंल, दबाव आला."

मॅडम कुठंच बसल्या नाहीत. कॉलनीच्या तोंडाशी जो जुना हद्दीचा दगड आहे तिथून त्यांनी सुरुवात केली. मग एकेक कोपरा घेत आल्या. सिस्टर मागं वही घेऊन. आप्पा मागं छत्री घेऊन. मला पंच म्हणून सही करायची होती, म्हणून मीही मागं. ग्यानोबा तेवढे दारात बसून पेपर वाचत होते.

मधल्या बोळात काठी टेकवली आणि मॅडम हातातल्या टॅबकडं बघत थांबल्या. परत मागं गेल्या. परत काठी टेकवली. मग आप्पांच्या घराला वळसा घालून पलीकडच्या रस्त्यावर गेल्या, तिथून आल्या आणि म्हणाल्या, "मावशी, तुमची रजिस्ट्री दाखवता?"

सिस्टरची फाइल तयारच होती. पहिल्या पानावर अनुक्रमणिका, प्रत्येक कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत. मॅडमनी वाचली आणि आप्पांकडं वळल्या. "काका, तुमची पण आणा."

आप्पांची रजिस्ट्री देवघरात होती. साखराबाईंनी, म्हणजे आप्पांच्या बायकोनं, ती आणून दिली. तिच्यावर हळदीकुंकू वाहिलेलं होतं. मॅडमनी कुंकू झटकून तीही वाचली.

"मावशी, तुम्ही प्लॉट कितवा घेतला होता?"

"एकवीस."

"आणि काका तुम्ही?"

"बावीस. पण ते मपल्याला का इचारताय? वाद एक फुटाचा हाय."

मॅडमनी स्कार्फ खाली केला. "काका, वाद एक फुटाचा राहिला नाही. कोपऱ्याचा प्लॉट एकवीस आहे. त्याच्यावर तुमचं घर आहे. आतला बावीस, त्याच्यावर मावशींचं घर आहे. तुम्ही दोघांनी एकमेकांच्या प्लॉटवर घरं बांधलीत."

 ग्यानोबांनी पेपर खाली ठेवला, हे मी पहिल्यांदाच बघितलं.

सिस्टर आधी सावरल्या. "ते ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "बाथरूमचं सांगा."

"बाथरूम हद्दीच्या पलीकडं आलंय. चौदा इंच."

सिस्टरचं तोंड असं फुललं की विचारू नका. "चौदा! मी एक फूट म्हणत होते. चौदा इंच! ऐकलं का आप्पा?"

"पण मावशी," मॅडम म्हणाल्या, "ते तुमच्या बाजूला आलंय म्हणजे बावीस नंबरमध्ये आलंय. आणि बावीस नंबर कागदावर काकांचाच आहे. तेवढं बाथरूम त्यांनी स्वतःच्या जागेत बांधलंय. ते चौदा इंच सोडून त्यांचं बाकी सगळं घर तुमच्या जागेत आहे."

आप्पा जवळच्या खुर्चीत बसले. ती त्यांचीच होती, भाड्याची.

नोंदी झाल्या, सह्या झाल्या. नकाशाची पक्की प्रत नंतर येणार होती. मॅडम निघाल्या तेव्हा सिस्टरनी त्यांना पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "आजवर असं कुठं बघितलं होतं का?" मॅडम म्हणाल्या, "दोन फूट, चार फूट रोज बघते, मावशी. अख्खं घर पहिल्यांदा."

तुम्हाला वाटेल, सव्वीस वर्षं हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? सोपं आहे. घरपट्टी घर क्रमांकावर येते, लाइटबिल मीटरवर येतं, पोस्टमन माणसाच्या नावावर येतो. प्लॉट क्रमांक फक्त रजिस्ट्रीत असतो. आप्पांनी ती देवघरात ठेवून पुजली, वाचली नाही. सिस्टरनी शंभर वेळा वाचली, पण त्यांना वाटत होतं की कागद बरोबर आहे आणि रस्ताच चुकलाय. जागेवर रुंदी सहा फूट कमी भरते, तीही त्या रस्त्याच्याच खात्यावर मांडत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर इस्त्रीचं पातळ नेसून निघाल्या आणि आप्पांच्या दाराची कडी वाजवली. आप्पांनी दार उघडलं.

"काय काम काढलं, सिस्टर?"

"घर बघायला आले."

"कुणाचं?"

"मपलं."

आप्पा बाजूला झाले. सिस्टर अकरा वर्षांनी त्या घरात शिरल्या. मी ओट्यावर होतो, पण आतलं सगळं साखराबाईंनी नंतर माझ्या बायकोला सांगितलं. सिस्टरनी प्रत्येक खोली फिरून बघितली. बैठकीचा पोपटी रंग बघून म्हणाल्या, "हा रंग मी कधीच दिला नसता." स्वयंपाकघरातला ओटा उंच वाटला, तर हातानं मोजून म्हणाल्या, "साखराबाई, याच्यानंच तुमचे खांदे दुखतात." साखराबाई तर हरखून गेल्या होत्या. कशाच्या का निमित्तानं, बाई घरात आली. त्यांनी चहा टाकला. सिस्टरनी साखर स्वतः घातली.

तासाभरात आप्पांनी परतफेड केली. ते सिस्टरच्या घरात गेले, बैठकीत मधोमध खुर्ची ओढून बसले, वर बघितलं आणि दोन दिवे चालू होते त्यातला एक बंद केला. "मपल्या घरात दिवसा लाइट जाळायची न्हाई," असं म्हणाले म्हणे. मग ग्यानोबांना म्हणाले, "भाडेकरू, पाणी द्या."

ग्यानोबांनी पाणी दिलं.

चार दिवस कॉलनीला दुसरा विषय नव्हता. कुणी आप्पांना "मालक" म्हणून हाक मारी, तर कुणी विचारी, "कोणत्या घराचे?" पण पाचव्या दिवशी आदर्शचा फोन आला आणि गंमत जरा ओसरली. फोन सिस्टरनी अंगणात उभं राहून स्पीकरवर घेतला होता, म्हणून मलाही ऐकू आला.

"आई, हे गमतीवारी नेऊ नको. कोपरा तुझा आहे. दोन्हीकडून रस्ता. बावीस नंबर तीस फूट रुंद, एकवीस छत्तीस. आज तिथं दोन दुकानं निघतील. वकिलाला दाखव. सोडू नको."

सिस्टर "बघू" म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग रस्ता ओलांडून माझ्या ओट्यावर आल्या. बसल्या आणि कोपऱ्यावरच्या घराकडं बघत राहिल्या. 

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "आठ्ठ्याण्णव साली मी गुत्तेदाराकडं गेले. तो हे प्लॉट पाडून इकत होता. मी म्हणाले, कोपऱ्याचा पाहिजे, मोठ्या रस्त्याचा. तो म्हणला, सिस्टर, कोपरा तुम्हाला कशाला? आतला घ्या, निवांत हाय. आन तुमच्या लोकांस्नी... असं म्हणला आन थांबला. पुढचं बोलला न्हाई. पण मला ऐकू आलं. मी म्हणाले, कोपराच पाहिजे. पगार मपला होता. रजिस्ट्रीत एकवीस लिहून घेतलं, दोनदा वाचून घेतलं, मंगच सही केली."

"मग जागेवर?"

"जाग्यावर नुसत्या बाभळी. रस्ता न्हाई, काय न्हाई. त्यानं नकाशा धरला, हा दगड, तो दगड, म्हणून दावलं. आम्ही मान हलवली. त्याच महिन्यात आप्पालाबी दावलं."

"म्हणजे मुद्दाम केलं त्यानं?"

"काय म्हाईत? नकाशा उलटा धरला आसंल. न्हाईतर माणूसच उलटा आसंल. आता इचारायला तो जित्ता न्हाई." सिस्टर थोडं हसल्या. "रस्ता झाला तेव्हा तो आप्पाच्या अंगानं गेला. मी नगरपरिषदेत तीन अर्ज दिले, की रस्ता एक प्लॉट सरकलाय, जाग्यावर आणा. तिथला बाबू मला बघितलं की पाणी प्यायला उठायचा. रस्ता बिचारा बरोबर होता, गुरुजी. मीच सरकलेली होते."

मी आत चहा सांगितला. 

दोन दिवसांनी संध्याकाळी साखराबाई सिस्टरकडं आल्या. दारातूनच म्हणाल्या, "सिस्टर, दोन दिस झाले, आप्पा जेवंनात. गरगरतंय म्हणतात. आदर्शचा फोन त्यांनीबी ऐकला. एवढंच सांगा, आम्ही ऱ्हायचं का जायचं?"

सिस्टर उठल्या. आत गेल्या, ब्लडप्रेशर बघायची पेटी काढली आणि साखराबाईंच्या पुढं होऊन चालायला लागल्या. आप्पा बाजेवर पडलेले. सिस्टरनी त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, पंप दाबला, आणि काटा बघून त्यांचाच आवाज आप्पांएवढा चढला.

"एकशे ऐंशी! गोळी कुठंय? चालूच केली न्हाई? शेजारी नर्स असून अकरा वर्षं एकदाबी दाब बघून घेतला न्हाई तुम्ही?"

"बोलणं बंद होतं की," आप्पा पुटपुटले.

"बोलणं बंद होतं. दंड पुढं करायला बोलावं लागतं का?"

त्यांनी ग्यानोबांना रिक्षा आणायला लावली, आप्पांना दवाखान्यात नेलं, गोळी सुरू करून आणलं, साखराबाईंकडून मऊ भात करवून घेतला आणि पुढ्यात बसून खायला लावला. निघताना म्हणाल्या, "तुमचं घर काढून घ्यायचं आन वर तुमचा जीव अंगावर घ्यायचा, एवढी मोकळी न्हाई मी. रविवारी बसू. तवर मीठ कमी."

रविवारी बसायचं कुठं हा प्रश्न आला. सिस्टरच्या घरात बसलं तर ते कागदावर आप्पांचं. आप्पांच्या घरात बसलं तर ते सिस्टरचं. म्हणून बैठक माझ्या ओट्यावर झाली. माझ्या प्लॉटची मोजणी अजून झालेली नव्हती, पण त्या दिवशी तो प्रश्न कुणी काढला नाही.

सिस्टरनी वही उघडली. "वकिलाला इचारलं. तो म्हणाला, कोर्टात गेलात तर निकाल नातवंडं ऐकतील. म्हणून मी ठरवलंय. तुम्ही तिथंच ऱ्हावा, आम्ही हितंच ऱ्हातो. घरं हलवायची न्हाईत, कागद हलवायचे. अदलाबदलीचा दस्त करायचा."

आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते उठून हात जोडायला लागले.

"बसा. झालं न्हाई अजून. एकवीस नंबर सहा फुटांनी रुंद हाय. तीनशे चौरस फूट जादा. ते मपले."

"पैशे सांगा, सिस्टर. मी हप्त्यानं..."

"पैशे नको. मला रस्ता पाहिजे." सिस्टरनी वहीतला नकाशा दाखवला. त्यांनी तो फूटपट्टीनं काढला होता. "तुमच्या घराच्या मागून आठ फुटांची पट्टी. मपल्या परसातून निघती ती थेट पलीकडच्या मोठ्या रस्त्याला. छत्तीस फूट लांब. आठ छत्तीसे दोनशे अठ्ठ्याऐंशी. वरचे बारा फूट मी सोडले."

"तिथं मपले बांबू हायती."

"बांबू उचलता येतात. दर लगनसराईला उचलता की."

आप्पांनी विचार केला. सव्वीस वर्षांपूर्वीचा गुत्तेदार सिस्टरना काय म्हणाला होता हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं. त्यांनी नकाशावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "बराबर हाय. तुमचा रस्ता तुम्हाला मिळाला पाहिजे. घ्या."

"अजून एक. अदलाबदल झाली की बावीस नंबर मपला होतो. म्हणजे ते चौदा इंच परत मपल्यात येतात."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं बघितलं.

"पाडतो," आप्पा म्हणाले. "पुढच्या आठवड्यात बाथरूमची भिंत पाडतो."

आणि इतका वेळ गप्प बसलेले ग्यानोबा एकदम म्हणाले, "पाडताना डाव्या अंगाचा पाइप जपून बरं का आप्पा. आतून वळवून बसवलाय मी तो."

म्हटल्यावर त्यांच्या लक्षात आलं. आप्पांनी डोळे मिटून घेतले.

सिस्टर हळूहळू नवऱ्याकडं वळल्या. "पाइप तुम्ही बसवला?"

"त्या टायमाला प्लंबर मिळाला न्हाई," ग्यानोबा म्हणाले.

"रोज साडेसहाला हॉटेलात चहा पिता ते मला अकरा वर्षांपास्नं म्हाईत हाय. त्याला मी काय म्हणाले न्हाई. म्हटलं, बिनसाखरेचा पीत आसतील. पण पाइप?" सिस्टरनी वही मिटली. "घरी चला."

त्या दिवशी समोरच्या घरातून काय काय ऐकू आलं ते मी लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी साडेसहाला ग्यानोबा बसस्टँडकडं गेले नाहीत. आठवडाभरानं मात्र आप्पाच सकाळी त्यांच्या अंगणात येऊन बसायला लागले आणि चहा सिस्टरच्या हातचा, मोजून अर्धा चमचा साखरेचा, दोघांना मिळू लागला.

आदर्शला सिस्टरनी फोनवर सांगून टाकलं, "दुकानं काढायची तर तू तुझ्या पगारातून काढ. मपल्या पगारातून मी रस्ता काढलाय." तो दोन महिने फुगून होता. मग पट्टीवर फाटक बसवायच्या वेळी स्वतः आला आणि वेल्डिंगवाल्याशी घासाघीस करून गेला.

कागदाचं काम पाच महिने चाललं. आधी पोटहिश्श्याची मोजणी, मग नगरपरिषदेची परवानगी, मग दस्त. वर्षाराणी मॅडम परत आल्या, नव्या हद्दीवर दगड रोवून गेल्या आणि या खेपेला आप्पांच्या मंडपात खुर्चीवर बसून पोहेही खाल्ले, कारण आता दबाव आणायला कुणी विरुद्ध उरलंच नव्हतं. रजिस्ट्री ऑफिसात मी साक्षीदार होतो. तिथल्या बाबूनं नेहमीसारखं विचारलं, "ताबा कधी देणार?"

"दिलेला हाय," सिस्टर आणि आप्पा एकदमच म्हणाले.

"कधी दिला?"

"सव्वीस वर्षं झाली," आप्पा म्हणाले. बाबूनं चष्मा काढून पुसला आणि पुढचा प्रश्न विचारला नाही.

फाटक बसलं त्या सकाळी सिस्टर घराच्या पुढच्या दारानं बाहेर पडल्याच नाहीत. परसातून निघाल्या, आठ फुटांच्या वाटेनं सरळ चालत गेल्या, फाटक उघडलं आणि मोठ्या रस्त्यावर उभ्या राहिल्या. रस्त्यानं ट्रॅक्टर गेला, शाळेची पोरं गेली, एक औरादची बस गेली. सिस्टर काही करत नव्हत्या, नुसत्या उभ्या होत्या. पंधरा मिनिटांनी परत आल्या आणि कुकर लावला. आता त्या फाटकाशी त्यांनी एक बाकडं टाकलंय. बाजारातून येणाऱ्या बाया तिथं बसून दाब बघून घेतात आणि आपली सगळी दुखणी मोठ्या आवाजात सांगतात.

कॉलनीची झोप मात्र उडाली. सिस्टरचं अख्खं घर चुकीचं निघतं तर आपलं काय, असं ज्याला त्याला वाटायला लागलं. त्या पावसाळ्यानंतर आमच्या एका कॉलनीतून मोजणीचे अकरा अर्ज गेले आणि वर्षाराणी मॅडम आठवडाभर आमच्याकडंच होत्या. कागद कसे लावायचे, नोटीस कुणाला जाते, नकाशात काय बघायचं, हे सगळं लोक सिस्टरना विचारायला यायचे आणि सिस्टर त्यांना आधी जन्मसाल विचारायच्या.

अकरातला एक अर्ज माझा होता. माझं घर माझ्याच जागेत निघालं, एवढं बरं झालं. फक्त ओट्याची शेवटची पायरी रस्त्यात पाच इंच आलेली निघाली. सिस्टर स्वतः पट्टी घेऊन बघायला आल्या, दोनदा मोजलं आणि म्हणाल्या, "गुरुजी, पायरी पाडा."

मी पाडली. आता ओट्यावरून उतरताना जरा लांब पाय टाकावा लागतो.